रांगेवरची भाकरी

रस्ता मोकळा झालाय आणि माझं कालवण टोपात तसंच पडलंय. सकाळपासून दोन भाकऱ्या गेल्या, त्यातली एक कुत्र्याने नेली. कोणाच्या नावाने बोंबलू? तू वर गेलास त्याला वर्षं झाली, तरी या कागदावर तुलाच सांगते बाबा. हा रस्ता यावा म्हणून गावात सगळ्यांत आधी तू नाचलास.

मिठागर गेलं तेव्हा मी बांधावर रडत बसलेली. तू म्हणालास, "रडतेस कशाला? बंदर येतंय. मानसं येतील, त्यांना जेवाया लागंल." लग्नात लेकीला दागिना नाही, पनवेलच्या बाजारातून पीठ मळायची लाकडी काथवट आणलीस. मी तोंड फुगवलं तर सगळ्यांसमोर खेकसलास. पण त्या काथवटीने घर चालवलं, खोटं का बोलू. मुलाला गोदामात काम मिळतं कधी, कधी नाही. बंदराच्या गेटापासून आपल्या गावापर्यंत कंटेनरच्या गाड्या तासन् तास उभ्या, आणि मी टोपली घेऊन त्यांच्या कडेने चालतेय. तांदळाची भाकरी, दिवाळे गावच्या कोळणींकडच्या सुकटीचं कालवण.

गाड्या उभ्या, पण इंजिनं चालूच. सगळा धूर आपल्या ओटीवर. धाकटी नात छातीची कच्ची, खांदेश्वरच्या डॉक्टरीणबाईने तिला दम लागला की तोंडात मारायचा पंप दिलाय. मग मी ठरवलं, इंजिन बंद करशील तर भाकरी. एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बंद किया तो पीछेवाला घुसेगा." मी म्हटलं, "घुसू दे. आत काय तुझं लगीन लागायचंय?" त्याने बंद केलं, जेवला, आणि खरंच दोन गाड्या पुढे घुसल्या. मला काय काय शिव्या दिल्यान्! मग मीच युक्ती काढली. भाकरीचं फडकं आरशाला बांधायचं. फडकं दिसलं की तो जेवतोय, त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. गेला तर त्याला माझी भाकरी बंद. पाळलं रे सगळ्यांनी.

आता बंदरवाले मोबाइलवर वेळ देतात. ज्याची वेळ त्यानेच गेटावर यायचं, बाकीच्यांनी लांब पार्किंगला थांबायचं. तिथे कँटीन हाय, माझ्या टोपलीला आत घेत नाहीत. रांग गेली, धूर गेला. सून म्हणाली, "आई, बघा, पंप काढावाच लागला नाय." मी म्हटलं, "मग आता हवा खा." बोलून गेले. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि उठून गेली.

काल ते मोबाइलचं बंद पडलं. दुपारपासून गाड्या ओटीपर्यंत. मी धावत चूल पेटवली. पीठ मळताना गुणगुणत होते, बाबा. आत पोर खोकायला लागली, तरी माझे हात थांबले नाहीत. फडकी कमी पडली, अर्ध्याहून जास्त इंजिनं चालूच राहिली, आणि मी कोणाला बंद कर म्हटलं नाही. टोपली रिकामी करून आले तर पोर सुनेच्या मांडीवर, तोंडाला पंप. तो काढून विचारते, "आजी, सगळ्या खपल्या?"

आज ती अंगणात पळतेय आणि माझे डोळे गेटाकडे लागलेत. ते मोबाइलचं पुन्हा बंद पडो, असं मनात येतं. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठे जायचा नाही.

तू लगेच तोंड उघडू नकोस. तुला काय, तू कामावर जायचास. आम्हा पोरांना उपाशी बघायची ती आय, आजारी बघायची तीही आय. तीही आता तिथे तुझ्याजवळच आहे, तिला बसव समोर. उत्तर तिनेच द्यायचं.