बाबांच्या रक्तात

परळ,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय हेरंबदादा,

नमस्कार. फार्मवर तुझं आणि घोड्यांचं बरं चाललं असेल. नायगावची खोली रिकामी केली, बाबा आता माझ्याकडेच असतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

बाबांना महिनाभर ताप येत होता. मलेरिया असेल म्हणून मीच रक्त घेतलं, आमच्या लॅबमध्ये पाहिलं. तांबड्या पेशींना ढुशा देत काहीतरी वळवळत गेलं. हा परजीवी मी फक्त जनावरांच्या रक्तात पाहिला होता. जनावरांतल्या या रोगाला सर्रा म्हणतात, आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा चुलतभाऊच. माणसाला तो होत नाही, असं शिकले होते.

"बाबा, कुठल्या जनावराला हात लावलात?"

"माहीमला वरातीची घोडी आजारी होती. रक्त काढताना सुई बोटात गेली. सगळा जन्म जनावरांच्या दवाखान्यात काढला, आता रिटायर झालो म्हणून नाही म्हणू?"

पाठीतलं पाणी तपासलं. परजीवी मेंदूपर्यंत पोचला असता तर त्यावरचं नेहमीचं औषध चाललं नसतं. पाणी स्वच्छ निघालं. पण औषध परदेशातून यायचं होतं. तोवर बाबा तापात मला आईच्या नावाने हाक मारायचे. त्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होण्याची भीती, म्हणून पहिला डोस अगदी थोडा दिला. मी लघवीची पिशवी बघत बसून राहिले.

बाबा वाचले. कालच्या तपासणीत रक्त साफ आहे. आज पेज मागून घेतली.

आता जे लिहायचं टाळतेय ते. या परजीवीला मारणारं एक प्रथिन माणसाच्या रक्तात असतं. बाबांच्या रक्तात ते नाही. आई-बाबा मामे-आते भावंडं, दोघांकडून तोच दोष आपल्यात उतरू शकतो, म्हणून माझंही तपासलं. माझ्यातही नाही.

तुझ्यात असेलही. पण कळेपर्यंत घोड्यांना टोचायला जाऊ नकोस, आणि ताप आला तर अंगावर काढू नकोस. इकडे ये, रक्त दे.

माझ्या रक्ताचं बाबांना सांगितलं नाही. पण सकाळी त्यांनीच विचारलं, "हेरंबकडे पण घोडेच ना?"

घोड्यांच्या नोकरीवरूनच त्यांनी तुला घराबाहेर काढलं होतं.

"बोलाव त्याला," म्हणाले. "मी काही बोलणार नाही म्हणावं."

तुझा रिपोर्ट येईपर्यंत डोळ्याला डोळा न लागणारी,
मनवा