व्हय म्हाराजा

बाबा, काल देवळात माझ्या हातून जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण गावाचं गाऱ्हाणं तुम्ही घालायचात. तुम्ही देवाकडे मागायचात आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला रुकार द्यायचे. लहानपणी मी पोरांबरोबर नुसताच ओरडत होतो, तेव्हा तुम्ही थांबून म्हणालात, “आधी आयक, मगे व्हय म्हण. न आयकता म्हटलंस तर ता खोटा बोलणा झाला.”

कालचं गाऱ्हाणं माझ्या मुलीसाठी होतं. ती आता अकरा वर्षांची आहे. तिच्या आईशी माझं लग्न तुम्ही होऊ दिलं नाही, असं मी वहीत बरीच वर्षं लिहीत आलो. खरं तर मीच रेटलं नाही. मुलगी झाली तेव्हा तुम्ही विचारलंत, “लगीन नाय, तर दाखल्यावर नाव कित्याक?” आणि तिशी ओलांडलेला मी गप्प बसलो. वर्षभरात तुम्ही गेलात. पुढे तिच्या आईनं लग्न केलं.

कुडाळचे वकील म्हणाले, “लग्न नव्हतं, त्यामुळे कायद्यानं पालक आधी आई, तिच्यानंतर तुम्ही. भेटीचा हक्क मागता येईल. पण दाखल्यावर नाव नाही, म्हणजे आधी बाप असल्याचं सिद्ध करा.” अर्ज तयार आहे, फक्त सही राहिली आहे.

तिच्या आईच्या नवऱ्यात मी खोट शोधतो आणि ती सापडत नाही, याचाच राग येतो. काल देवळाच्या पायरीशी तो खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा सोडत होता आणि ती त्याच्या डोक्यावर हात टेकून उभी होती, खांबाला टेकावं इतक्या सहज. तो हात माझ्या डोक्यावर कधी आलेला नाही. एवढ्यात गाऱ्हाणं सुरू झालं. “ह्या चेडवाक, तेच्या आवशीक, बापाशीक राजी ठेव रे म्हाराजा.” ‘बापाशीक’ म्हणताना गाऱ्हाणं घालणाऱ्याचं बोट त्याच्याकडे होतं. सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मीही म्हणालो.

मग ती खोबरं वाटत आली. तो मागून म्हणाला, “त्या काकांक दी गो.” तिनं दिलं आणि पुढे गेली.

घरी येऊन वहीत लिहिलं, ‘व्हय’ सवयीनं तोंडातून निघालं. अर्ज समोर आहे, सही अजून केलेली नाही. हे पत्रही वहीतच राहील, म्हणून खरं लिहितो. बाबा, मी शब्दन् शब्द ऐकला होता.