आलुबुखार आणि प्रून

आई, आज सुनेने बाजारातून एक पाकीट आणलं. वर लिहिलंय ‘ड्राइड प्लम’ आणि आत प्रून. मी एकटीच हसत सुटले. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, माझी आई यावरून एकदा मेट्रनशी भांडली होती.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. त्या दिवशी हरताळ. ट्राम बंद, माझी शाळाही बंद. मला चाळीत एकटं ठेवायला तुझं मन होईना, म्हणून लालबागहून परळच्या इस्पितळापर्यंत मला चालवत नेलंस. तिथल्या स्वयंपाकघरात तू भाज्या चिरायचीस, भांडी घासायचीस. चुलीपाशी जायची मुभा नव्हती. पण आचारी गिरगावात अडकला आणि अख्ख्या वॉर्डाचं जेवण तुझ्या गळ्यात पडलं. एका म्हाताऱ्या गिरणी कामगारासाठी डॉक्टरांनी लिहिलं होतं, शिजवलेले प्रून. त्याचं तोंड आलं होतं, तीन दिवस त्याने अन्नाला शिवलं नव्हतं. मेट्रनने कोठीतून एक डबा काढून दिला. तू त्यातलं एक फळ तोंडात टाकलंस आणि डबा बाजूला सारलास. ‘ह्ये आलुबुखार. चटणीत घालतत ते.’

मेट्रन मद्रासकडची, तिला मराठी येत नव्हतं. डब्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून ती म्हणाली, ‘ड्राइड प्लम. प्रून. सेम थिंग.’

‘सेम नाय,’ तू म्हणालीस.

मला वाटलं, गेली नोकरी! तू मला पुढे ढकललंस. ‘बाय, सांग तिका. ह्या आंबट आसा. म्हाताऱ्याच्या तोंडाक झोंबतला.’ मी आठवीत, इंग्रजीचं पहिलंच वर्ष. झोंबण्याला काय म्हणतात कुणास ठाऊक! मी म्हटलं, ‘फायर, मॅडम. माऊथ फायर.’ मेट्रनने एक आलुबुखार तोंडात टाकला आणि तिचे डोळेच मिटले. मग ती जी हसायला लागली! स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा दुसरा डबा तिने काढला. त्यात काळे, चिकट, मधासारखे गोड प्रून. ती हळूहळू सांगत होती, मला कळेल तसं मी तुला सांगत होते: दोन्ही वाळवलेले प्लमच, पण प्रूनची जात निराळी, इतकी गोड की बियांसकट वाळवली तरी आंबत नाही.

तू ते दालचिनी घालून मऊ शिजवलेस. म्हाताऱ्याने पहिला चमचा भीत भीत घेतला, मग वाटी चाटूनपुसून रिकामी केली. ‘आणखी आसत काय गो?’ त्याने विचारलं, तेव्हा तू पदराने तोंड झाकून हसलीस. पुढच्याच महिन्यात तुला चूल मिळाली.

त्या दिवशी परतताना परळच्या नाक्यावर मोर्चा लागला. घरात कधी आवाज न चढवणारी तू त्यात शिरलीस आणि हात उंचावून घोषणा देऊ लागलीस, चेहरा असा उजळलेला! तो चेहरा मला अजून दिसतो.

हे पत्र टाकणार तरी कुठे? पण एक सांगून टाकते. त्याच वेळी समोरून माझ्या वर्गातल्या मुली येत होत्या, म्हणून मी तुझा हात सोडला आणि दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी दोन पावलं मागे चालले. तू वळून पाहिलं नाहीस. तुला कळलं नसेल, असं मी आजवर धरून चाललेय.