नाव झाकलं, पाऊल उघडं

कोळवण, शनिवार

चि. शुभांगीस अप्पाआजोबांचे पोटभर आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल आणि प्रयोगशाळेतल्या साहेबांचा राग उतरला असेल, असं धरून चालतो; हे पत्र वाचून तो पुन्हा चढेल. माझे गुडघे सोडल्यास इकडे सर्व ठीक.

गुन्ह्यांच्या तपासाला उपयोगी पडावेत म्हणून तू इथल्या भातशेतकऱ्यांच्या अनवाणी पायांचे ठसे नेलेस. आता ते इतर संशोधकांना द्यायचे, तर लोकांची पुन्हा परवानगी घ्यायला हवी, म्हणून माझ्याकडे प्रती पाठवल्यास. नाव कुठेच नाही, नुसता आकडा. मी म्हटलं, सांगण्यापेक्षा दाखवावं. सगळे ठसे मारुतीच्या देवळात दोरीला टांगले (मी मास्तर होतो तेव्हा शाळेत कवितांचे तक्ते असेच टांगलेले असत, वाऱ्यावर ओळी हलायच्या आणि गणित आपोआप मागे पडायचं, असो) आणि विचारलं, येतंय का कुणाला ओळखता?

बाळ, इथेच घात झाला. जन्मभर एकमेकांच्या मागे चिखलात भातलावणी केलेल्यांना नाव कशाला लागतं? गेणबा म्हणाला, "ह्यो कुशाबा. अंगठा बगा कसा रुसून बसलाय." मग चढाओढच लागली. तेवढ्यात गोजराबाई एका ठशापुढे थांबल्या. "माझा बांध कोरला त्या दिशी चिखलात ह्योच पाय व्हता."

पाय हैबतरावांचा. हैबतराव तिथेच, प्रसादाचं खोबरं खात.

"म्या पाय सायन्सला दिला व्हता, वैनी, तुमाला न्हाई."

"माझा बांध सायन्सनं न्हाई कोरला."

आता हैबतरावांना ठसा फाडून हवाय, गोजराबाईंना त्याचीच प्रत पौडच्या तहसील कचेरीत न्यायचीय, आणि बाकीचेही बिथरलेत. एकटा कुशाबा राजी आहे: "अमेरिकेला द्या, तितं कोण वळखतंय? पर पौडात नगं." (मला तर हे तुमच्या नियमांपेक्षा शहाणपणाचं वाटलं.)

तुझा,
अप्पाआजोबा

ता. क. खरं काम राहिलंच. मी हैबतरावांना ठसा काढून टाकण्याचा शब्द दिलाय आणि गोजराबाईंना प्रत देण्याचा. तेव्हा मला एक कडक पत्र धाड: ठसे अभ्यासासाठी घेतलेत, बांधाच्या भांडणासाठी नाहीत, ज्याला नको त्याचा काढू, संशोधकांना देताना त्यांच्याकडूनही 'फक्त अभ्यासासाठी' असं लिहून घेऊ, आणि ते देवळात टांगणं हा शुद्ध मूर्खपणा होता. मी देवळातच मोठ्याने वाचीन. 'मूर्खपणा' ठळक लिही, म्हणजे लोकांचा तुझ्यावर विश्वास बसेल.

ता. क. दुसरा. माझा ठसा मात्र खुशाल जगभर वाट. शेतकरी नसूनही तू माझा घेतलास, म्हणून तोही दोरीवर होता. पायात चपला घालून, शाळेच्या ओट्यावर कविता म्हणत इथेच जन्म गेला. पण गावात एकानेही तो ओळखला नाही. गेणबा म्हणाला, "ह्यो कुणा पाव्हण्याचा असंल."