राजा दावीदाचा लिलाव

अकोला, नोव्हेंबर १९५८

ती. उत्तमराव भाऊजी यांस,

अकोल्याहून तुमचा मेहुणा शांतवन याचा ख्रिस्ताच्या नावाने सलाम. ताईचा गुडघा अमरावतीच्या थंडीत पुन्हा धरला का? तुमचा खोकला कसा आहे? इकडे सर्व कुशल आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो, एरवी रविवारपासून माझे डोके ठिकाणावर नाही. चर्चच्या पाळकसाहेबांशी मी बोलत नाही, माणिकशी जेवणापुरते बोलतो, आणि अकोटच्या जिनिंगमधल्या त्या भगवंतराव फिटरचे तर नाव काढले तरी माझा घास अडतो.

तुम्हांला ठाऊकच आहे की गेली तीन वर्षे मी शाळा सांभाळून बायबलातल्या राजावरचे ‘राजा दावीद’ हे पाच अंकी संगीत नाटक लिहीत होतो. तुमच्या गल्लीतल्या नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींनी ते स्पर्धेसाठी या महिन्याअखेर मागवले होते. म्हणजे अमरावतीच्या भर चौकातल्या फळ्यावर ‘नाटककार : शांतवन मास्तर, अकोला’ अशी अक्षरे लागणार होती! हे सारे मी प्रभूच्या गौरवासाठीच करत होतो. (फळ्यावर प्रभूचे नाव येणार नव्हते हे खरे, पण तशी पद्धतच नाही.)

आता अन्याय ऐका. आमच्या मंडळीत हंगामाच्या उपकारस्मरणाला ज्याने त्याने आपल्या कष्टाचे पहिले फळ टेबलावर आणून ठेवायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, अशी जुनी चाल आहे. आपल्या घरच्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही, हाही नियम. शेतकऱ्यांचे ठीक आहे, ते ज्वारी आणतात, कापूस आणतात. मी मास्तर. मी दरवर्षी बाजारातून वरूडची संत्री घेऊन ठेवत आलो आणि इतकी वर्षे देवाने काही तक्रार केली नाही. यंदा मात्र पाळकसाहेबांनी आधीच्या रविवारी उपदेशात सांगितले की बाजारातले फळ हे तुमचे फळ नव्हे, ज्यात तुमचा जीव गुंतलाय तेच प्रथम प्रभूला द्या. उपदेश उत्तम झाला म्हणून मी मोठ्याने ‘आमेन’ म्हणालो. रंगात येऊन जरा जास्तच मोठ्याने म्हणालो असेन, पण म्हणून काय माणिकने, सख्ख्या बायकोने, ते खरे धरावे?

सणाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पेटीवर होतो. अर्पणाचे गीत चालू होते, डोळे मिटून आळवत होतो. अंतऱ्यावर डोळे उघडले तर माणिक टेबलापाशी उभी, आणि एका भल्या थोरल्या भोपळ्याशेजारी लाल फडक्यात बांधलेले माझ्या नाटकाचे बाड! दुसरी प्रत नाही, भाऊजी. उठावे तर गीत मोडते, ओरडावे तर देवाचे घर. मी भाता नुसता हापसत राहिलो. (सूर चुकले असे लोक म्हणतात. चुकणारच.) नंतर तिला विचारले तर म्हणते, आमेन तुम्हीच म्हणालात, आणि तुमचा जीव संत्र्यांत गुंतलेला मला तरी कधी दिसला नाही.

लिलावात आधी तो भोपळा निघाला. त्याच्यासाठी दोन घरांत अशी चढाओढ लागली की जणू त्यात मोहरा भरल्या होत्या. मग पाळकसाहेबांनी दावीद राजाला उंच धरले. मागून कोणी तरी विचारले, “मास्तर, हे खायाचं हाये का पेरायचं?” हशा झाला. मला बोली लावायची बंदी, बाकीच्यांना इच्छा नाही. शेवटी अकोटहून आलेल्या त्या भगवंतरावाने हात वर केला. किती किमतीला गेला ते मी लिहिणार नाही. भोपळ्याच्या पुष्कळ खाली आणि अंड्यांच्या थोडा वर, एवढेच समजा. तीन वर्षे!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एस.टी.ने अकोट गाठले. म्हटले, अडाणी माणूस, समजावून घेऊ. तर जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीवर उभा राहून हे महाशय माझाच दावीद म्हणत होते! आणि म्हणत होते काय? माझी चौदा पदे नव्हेत, गल्याथ दैत्याशी झालेले युद्ध नव्हे. दावीदाला देवाचे मंदिर बांधायची हौस असते आणि नाथान संदेष्टा येऊन सांगतो की देव म्हणतो तू बांधायचे नाहीस, तेवढाच प्रवेश! तो मी केवळ नटांना पोशाख बदलायला वेळ मिळावा म्हणून घातला होता. हमाल काम सोडून ऐकत होते. राजा मुकुट काढून ठेवतो तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आले. आवारात कापसाचे तंतू फार उडतात.

मी बाड मागितले. तो म्हणाला, “मास्तर, तुमी देवाले देलं, मी देवापासून घेतलं. आता तुमी भांडून कोनासंगं राह्यले?” नाताळात हा तेवढाच प्रवेश अकोटला करणार म्हणे, आणि लेखकाचे नाव विचारले तर म्हणतो, देवाले दिलेल्या भोपळ्यावर कोनी नाव लिहिते का? भोपळा! पुन्हा भोपळा!

मुलांना आशीर्वाद. ताईला सलाम.

तुमचा अपमानित मेहुणा,
शांतवन

ता. क. : मुख्य काम राहिलेच. भगवंतरावाला तो प्रवेश पाठ झाला आहे, म्हणून तो सबंध बाड येत्या रविवारी तुमच्या अमरावतीच्या सणात पुन्हा अर्पण करणार आहे. (त्याची सासुरवाडी तिकडे.) तुम्ही माझ्या घरचे नव्हेत, तेव्हा नियम आड येत नाही. काय वाटेल ते करा, पण बोली सोडू नका, आणि तसेच उठून सेक्रेटरींच्या हाती द्या. माणिकला कळवू नये.

ता. क. दुसरा : पत्र पेटीत टाकायला निघालो तर भगवंतराव दारात. त्याला नाथान मिळत नाही. जिनिंगमधला एकही माणूस राजाला ‘नाही’ म्हणायला धजत नाही, म्हणून मी करावा म्हणतो. मी साफ नकार दिला. तालीम शनिवारी आहे.

ता. क. तिसरा : पत्र अजून खिशातच आहे. बोली लावू नका. वर लिहिले ते वाचलेच नाही असे समजा. ज्याला मिळायचे त्याला मिळो. फक्त ताईची ती पांढरी लांब शाल एस.टी.ने पाठवा, नाथानाला हवी. त्याला चार वाक्येच आहेत, माझीच, घाईत लिहिलेली. माणिक रोज म्हणवून घेते. तीन येतात. ‘तू बांधायचे नाहीस’ एवढे अजून तोंडातून निघत नाही.