बदकांविषयीचे अर्धे वाक्य

दि. ३ मार्च २०१४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आपण विचारले नसताना वडीलधाऱ्यांना समजावण्याचा आगाऊपणा करते आहे, क्षमा असावी. समोर असते तर जीभ टाळ्याला चिकटली असती, म्हणून हा कागदाचा आडोसा.

आईने सांगितले की तीन दिवसांत बर्ड फ्लूने साऱ्या कोंबड्या गेल्या आणि ‘ती गेल्यावर त्या माझ्याच हलगर्जीने मेल्या’, असे मामींच्या आठवणीने म्हणत आपण जेवतही नाही. तसे नाही, मामा. पेशीत फ्लूचा विषाणू शिरताच ‘चोर आला’ अशी हाक देणारे एक जनुक असते. कोंबड्यांच्या वंशातून ते फार पूर्वीच हरवले. बदकांत ते शाबूत आहे. आमच्या प्रयोगशाळेत मी त्याच्यावरच काम करते. कोंबड्यांबरोबर एकाच डबक्यावर पाणी पिऊन मामींची बदके तगली, ती या जनुकामुळे. आपल्या निगेत उणे नव्हते. दोन घास खावेत.

माया आहेच, ती उणी न व्हावी.

आपली भाची


दि. ८ मार्च

चि. पोथीस अनेक आशीर्वाद.

कागदावर एवढी बोलतेस आणि दारात आलीस की ‘हो’ नि ‘नाही’, एवढंच! म्हणून तर तुला पोथी म्हणतो. तुझं पत्र वाचून जेवलो.

काल उरलेली पाखरं मारायला सरकारी माणसं आली. म्हटलं, काही उरलं नाही. तुझ्या मामीची सहा बदकं तिच्या पलंगाखाली कोंडली होती. त्यांच्यात तुझं जनुक आहे ना, मग भ्यायचं कशाला? मीही तिथंच निजतो.

खुराडं रिकामं आहे, तरी तिन्हीसांजेला पंख झटकल्याचा आवाज येतो. जाऊन पाहतो तर नुसती पिसं. परत फिरलो की बदकं माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत असतात. जणू कुणी सोबत आत आलंय.

अंगात कणकण आहे, डोळे चुरचुरतात. रडण्यानं असेल. आईला सांगू नकोस.

तुझा मामा


दि. ११ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आता क्षमा मागण्याचाही अधिकार उरला नाही. मी अर्धेच लिहिले होते. बदके सहसा मरत नाहीत, पण विषाणू त्यांच्या पोटात राहतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. ते जनुक बदकांना वाचवते. त्यांच्याशेजारी निजणाऱ्याला नाही. आपले दुःख हलके व्हावे म्हणून सत्यातला गोड तेवढाच भाग मी निवडला. परीक्षेत कधी उत्तर अर्धे सोडले नाही, ते इथे सोडले.

आईला सांगितले. पशुवैद्यकीय कार्यालयालाही सांगितले. बदके नेतील, मामा. मामी त्यांना एकेकाला नावाने हाक मारत, हे ठाऊक असून सांगितले. आपल्याला तिथूनच दवाखान्यात नेतील. औषध आजच सुरू व्हायला हवे.

आपल्याला न्यायला येणाऱ्या गाडीतल्या डॉक्टरीणबाई हे पत्र दारातच आपल्या हाती देतील. आपण वाचून संपवेपर्यंत थांबण्याचे त्यांनी कबूल केले आहे. पलंगाखाली पुन्हा काही लपवू नये. माझ्यावर रागवायला आपण पुष्कळ वर्षे असावे, एवढेच मागणे.

आपली भाची

(गाडीत दिले: दि. ११ मार्च २०१४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.)