ताठ बसलेला रुग्ण

आप्पा,

थोरले काका अजूनही चारचौघांत सांगतात की तुमच्या उपचारांत त्यांनी काही कमी पडू दिले नाही. परवा टिळकवाडीतल्या एका साखरपुड्यात सांगत होते, "डबल औषध दिलं बघा माझ्या भावाला." जिलबी खाता खाता लोकांनी माना डोलावल्या. मला त्या मानांची शिसारी आली.

तो दिवस मला स्वच्छ दिसतो. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात आयुष्य काढलेले तुम्ही. फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला, दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर. बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे म्हणून काका सकाळीच हजर होतात. तुमची दाढी करवतात, इस्त्रीचा सदरा चढवतात, गालांना पावडर लावतात. बाजाराला न्यायच्या बैलाची शिंगे रंगवावीत तसे. "कण्हायचं न्हाय. ताठ बसायचं. मोडक्या माणसाला कोन चांगलं औषध देतंय?"

डॉक्टर शांतपणे समजावतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी इम्युनोथेरपी आहे. अंगात ताकद असेल तर ती केमोसोबत देता येईल. नसेल तर केमो सोसणार नाही. मग इम्युनोथेरपी एकटीच, जपून द्यायची. मात्र इतक्या अशक्त रुग्णांना तिचा किती उपयोग होतो, हे अजून नीट ठाऊक नाही. मग विचारतात, "दिवसभर झोपूनच असतात का?"

"झोपून? अवो, रोज देवळापत्तोर जाऊन येतोय की!" काका म्हणतात.

मी तोंड उघडले. माझ्याकडे न पाहताच तुम्ही म्हणालात, "तू गप गं. शाळा न्हाय ही, बोट वर करायला." आणि उठून खोलीभर चालून दाखवलेत. बाहेर आल्यावर दोघे भाऊ काय हसलात! जणू कबड्डीचा डाव जिंकला होता.

दोन्ही औषधे सुरू झाली. केमोने तोंड सोलून निघाले, ताप हटेना, आणि पुन्हा तुम्ही आपल्या पायांनी परसापर्यंतही गेला नाहीत.

काकांच्या त्या पोकळ रुबाबाचा मला तिटकारा आहे, आणि त्याला साथ देणाऱ्या तुमच्या हसण्याचाही. केवळ इम्युनोथेरपीने तुम्ही वाचला असता, असे मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. पण जो निर्णय व्हायला हवा होता, तो तुमच्या शरीराविषयी. झाला तो इस्त्रीच्या सदऱ्याविषयी.

हे मी काकांना दाखवणार नाही. एवढेच कबूल करते, आप्पा: तुम्ही त्या खोलीत ताठ मानेने चालत गेलात, तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता.